टिटवी कुणी बनवली

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला शाळेसाठी केलेला तक्ता दाखवलात. मधोमध माझ्या बोर्डाचा फोटो, कडेने रंगीत पेनांनी काढलेले पाण्याचे थेंब, आणि वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत, माझ्या आजोबांनी बनवलेला कॉम्प्युटर. थेंब धाकट्याचे आणि अक्षरं थोरलीची. दोघांचंही काम नीटनेटकं होतं. मी "छान" म्हटलं आणि रेंज जातेय असं सांगून फोन ठेवला. रेंज गेली नव्हती. मला राग आला होता, आणि तो तुमच्यावर नव्हता.

म्हणून हे आता लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, नोकरीत शिकवलंही इंग्रजीतून. पण रागवायला मला मराठीच लागते. थोरलीने स्वतः वाचावं आणि धाकट्याला वाचून दाखवावं. बाबांकडून वाचून घेऊ नका. ते मधली वाक्यं गाळतील.

तो कॉम्प्युटर तुमच्या आजोबांनी बनवलेला नाही. तो मी बनवला आहे.

आमचं घर तुळजापुरात उतारावरच्या गल्लीत, वरच्या अंगाला आहे, हे तुम्हाला माहीत आहे. उतारावर पाण्याचा न्याय सरळ असतो, खालच्या घरांना आधी आणि भरपूर, वरच्यांना शेवटी आणि करंगळीएवढं. नळ कधी येईल याचा नेम आजही नाही आणि मी लग्न होऊन आले तेव्हाही नव्हता. चार दिवसांनी येई, आठ दिवसांनी येई. पहाटे येई, भर दुपारी येई. आला तेव्हा घरात कुणी नसलं तर पुढच्या पाळीपर्यंत आडाचं मचूळ पाणी शेंदायचं. म्हणून प्रत्येक घरात नळ उघडा ठेवून त्याखाली पालथं घमेलं ठेवत. पाण्याचा थेंब पत्र्यावर पडला की टण्ण आवाज यायचा आणि हातातलं टाकून बायका हंडे घेऊन पळायच्या.

पण नळ खोटं बोलतो. पाणी यायच्या आधी पाइपातली हवा येते. ती खोकते, दोन गुळण्या टाकते आणि गप्प होते. कधी तिच्यामागून पाणी येतं, कधी येतच नाही. बायका धावून यायच्या, उभ्या राहायच्या, शिव्या देऊन परत जायच्या. पोळी करपायची. मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सचा व्यवसाय अभ्यासक्रम शिकवत होते. सकाळी तास, दुपारी घर, आणि मग नळाची वाट. एक दिवस अशीच गुळणी ऐकून धावले, हातावर आमटी सांडली, आणि नळातून फुस्स. त्या दिवशी ठरवलं की हे घमेलं मी काढणार.

आधी साधी गोष्ट केली. नळाच्या तोंडात दोन तारा, एक ट्रान्झिस्टर, एक बझर. तारा ओल्या झाल्या की आवाज. ती घमेल्यापेक्षा वाईट निघाली. घमेलं एकदा टण्ण करून थांबायचं, ही प्रत्येक गुळणीला बोंबलायची. गल्ली हसली. हसू दे. मला कळलं होतं की इथं नुसतं ओलं की कोरडं हे सांगून भागत नाही. थांबून बघणारं काहीतरी हवं. ओलं झालं तर लगेच ओरडायचं नाही. ओलं राहतंय का ते बघायचं, मधेच कोरडं झालं तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, आणि खात्री झाली की मगच तोंड उघडायचं. अशी अक्कल माणसात दुर्मीळ असते, पण मायक्रोप्रोसेसरला ती लिहून देता येते.

आमच्या कॉलेजात ८०८५ मायक्रोप्रोसेसरचं एक शिकवायचं किट आलं होतं आणि ते कपाटात कुलूपबंद होतं. डेडस्टॉकच्या नोंदवहीत चढलेली वस्तू बिघडली तर भरून कोण देणार, या भीतीने त्याला कुणी हात लावत नसे. मुलांना त्याचं चित्र दाखवून शिकवायचं असं चाललं होतं. मी किल्ली मागून घेतली आणि किट वर्गात आणलं. त्याच्यावर शिकले, मुलांना शिकवलं, आणि मग सोलापूरहून एकेक सुटा भाग आणून घरी माझा स्वतःचा बोर्ड बांधला. देवघराशेजारच्या खोलीत, स्वयंपाक आवरल्यावर, पाटावर. प्रोग्राम मी कागदावर लिहायची, प्रत्येक हुकुमाचा आकडा तक्त्यात शोधून शेजारी मांडायची. तुमच्या बाबांना संगणकातला असेंब्लर जे काही आपोआप करून देतो ते मी बोटाने करत होते. सगळं जमल्यावर सोलापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या यंत्रावर तो प्रोग्राम एका चिपमध्ये कायमचा भरून आणला.

बोर्डाचा आवाज कर्कश आला. टिटी टिटी टिटी. म्हणून गल्लीने त्याला टिटवी म्हणायला सुरुवात केली. माझ्या सासूबाईंना ते नाव पहिल्यांदा ऐकून धडकीच भरली.

"घरावरून टिटवी ओरडत गेली तर माणसं धास्तावतात, आणि तू ती घरात आणून बांधलीस होय गं?"

मी म्हटलं, "आई, ही पाणी आणते."

"आणील तेव्हा बघू."

तिने आणलं. पाइप दोनदा खोकला, बायका दोनदा दारात आल्या, टिटवी गप्प राहिली. तिसऱ्या वेळी ती ओरडली आणि नळाला धार लागली. ही बातमी आधी समोरच्या काकूंनी सगळ्या गल्लीला ओरडून सांगितली, "पळा गं, टिटवी बोलली!" सासूबाई हंडा भरून आत आल्या, पदराला हात पुसले आणि मला म्हणाल्या, "हिला आज दूधसाखर दाखव." एवढं कौतुक त्यांनी माझं उभ्या जन्मात केलं नव्हतं. तेही टिटवीचंच होतं म्हणा.

आता तुमच्या आजोबांचं सांगते. ते तहसील कचेरीत कारकून होते, अक्षर मोत्यासारखं, माणूस सज्जन. पण त्यांना फ्यूजची तार बदलता येत नसे. फ्यूज उडाला की ते टोपी घालून देवळात जायचे आणि लाइट आल्यावर परत यायचे. टिटवीला त्यांनी खोका आणला, सागवानी, गल्लीतल्या सुताराकडून करून. खोका चांगला होता. त्यांचा वाटा एवढाच.

तरी गल्लीत ती "साहेबांची टिटवी" झाली. कशी झाली ते मला ठाऊक आहे, कारण ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. नगरपालिकेचे एक सभासद तिला बघायला घरी आले. आजोबा खुर्चीत बसले, सभासद खुर्चीत बसले, टिटवी टेबलावर, आणि मी आत चहा टाकत होते.

सभासद म्हणाले, "साहेब, कमाल केली. हिला कळतं कसं?"

आजोबा म्हणाले, "आत प्रोसेसर आहे."

"ते व्हय, पण कळतं कसं?"

आजोबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मी कपबश्या घेऊन बाहेर आले आणि सगळं सांगितलं. तारा, ओल, थांबणं, पुन्हा मोजणं. सभासदांनी मान डोलावत ऐकून घेतलं, बशीत चहा ओतला, आणि आजोबांकडे वळून म्हणाले, "वा! मिसेसकडून पण चांगलं पाठ करून घेतलंय तुम्ही."

तुमचे आजोबा हसले. त्यांनी "नाही हो, तिनंच केलंय" असं म्हणायला हवं होतं. तेवढे चार शब्द बोलायला काही इलेक्ट्रॉनिक्स यावं लागत नाही. ते हसले आणि बिस्किटाची बशी पुढे केली. सभासद गेल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "अगं, घरचंच आहे. तुझं काय आणि माझं काय." मी त्यांना म्हटलं, मग उद्या कचेरीत जाऊन तुमची सही मी करते. त्यावर ते दोन दिवस बोलले नाहीत. पुढे तुमच्या बाबांनी शाळेत, कॉलेजात, नोकरीत, सगळीकडे हीच गोष्ट सांगितली. माझे वडील कारकून होते, पण त्यांनी हाताने कॉम्प्युटर बांधला. ऐकणाऱ्याला ती आवडते. मलाही आवडली असती, खरी असती तर.

घरात बोअर घेतली तेव्हा टिटवीची गरज संपली. मी तिला खोक्यासकट माळ्यावर ठेवली. नोकरी, मुलं, आजारपणं, मग आजोबा गेले. दरम्यान डोळ्यांवर मोतीबिंदू चढत गेला. रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे मला सगळे तपकिरी दिसू लागले, तेव्हा मी मनाशी म्हटलं की हे आपल्यापुरतं संपलं.

मग मागच्या वर्षी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी येऊन सहज जुना डबा उघडला आणि रेझिस्टर हातात घेतला. पिवळा, जांभळा, लाल. स्वच्छ, वेगवेगळे. मी त्याच दिवशी शिडी लावायला लावून टिटवी खाली काढली. अशी मी या कामाकडे परत आले. कुणी प्रोत्साहन दिलं म्हणून नाही, कुणाची आठवण काढायला नाही, डोळ्यांना दिसू लागलं म्हणून. आणि बोअर आटत चालली होती, तीही गोष्ट होतीच. आता पाणी सुटलं की गल्लीच्या ग्रुपवर मेसेज येतो, पण तो खालच्या अंगाला आल्यावर येतो. आमच्या नळात काय आहे ते मोबाइलला कळत नाही.

वर्षभर काम केलं. गंजलेले सॉकेट बदलले. फुगलेले कपॅसिटर काढले. मेमरीची एक चिप मेली होती, ती जुन्या भागांच्या दुकानातून पोस्टाने मागवली. सोल्डरिंग करताना हात थोडा कापतो, मनगट टेबलावर टेकवलं की थांबतो. शेवटी एकच चिप तपासायची राहिली, माझा प्रोग्राम असलेली. कागद केव्हाच रद्दीत गेले होते. प्रोग्राम होता तो त्या एका चिपमध्ये. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. म्हटलं, ते झाल्यावर दोन्ही डोळ्यांनी बघू. बोर्ड टेबलावर झाकून ठेवला आणि सोलापूरला गेले. माझ्या सोबतीला म्हणून तुमचे बाबा तिकडून रजा काढून आले होते. ऑपरेशननंतर मी बहिणीकडे राहिले आणि ते मला म्हणाले, "तू विश्रांती घे. मी घर आवरून ठेवतो."

आता ही चिप काय असते ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. तिच्या पाठीवर एक गोल काचेची खिडकी असते. प्रोग्राम पुसून नवा भरायचा असला की त्या खिडकीतून अतिनील दिव्याचा प्रकाश सोडतात. प्रकाश आत गेला की लिहिलेलं पुसलं जातं. तो प्रकाश उन्हातही असतो, थोडा. म्हणून खिडकीवर चिकटपट्टी लावून ठेवतात. माझ्या चिपवर काळी पट्टी होती, तिच्यावर पांढरा कागद, आणि त्यावर मी बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, काढू नका.

ते दिवस देवी निद्रेला जाते ते होते. नवरात्राच्या आधी त्या दिवसांत आमच्याकडे घरोघर दसरा काढतात. गोधड्या, वाकळा, भांडी, पेट्या, माळ्यावरची प्रत्येक चीज बाहेर निघते, धुतली जाते, वाळते, तिला ऊन दाखवतात आणि मगच आत घेतात. तुमच्या बाबांनी मोलकरणीला हाताशी धरून सगळा दसरा काढला. मला फोनवर अभिमानाने सांगत होते, "आई, घर ओळखणार नाहीस."

मी परत आले. डॉक्टरांनी उन्हात डोळा उघडू नका म्हणून काळा चष्मा दिला होता. जिना चढून गच्चीवर गेले. दोरीवर गोधड्या, कठड्यावर पितळी डबे, आणि डब्यांच्या शेजारी सुपात माझा बोर्ड. भाद्रपदातलं ऊन तुम्हाला माहीत नाही. त्या उन्हात माझी चिप आभाळाकडे उघडी खिडकी करून पडली होती. पट्टी नव्हती.

"ही पट्टी कुणी काढली?"

"कुठली? अगं, ते जुनं लेबल? मी काढलं. आतली ती चांदीसारखी चौकोनी टिकली किती छान दिसते! फोटो काढला मी. ऑफिसातले लोक वेडे झाले."

"आणि उन्हात कधीपासून आहे?"

"तुला मावशीकडे सोडून आलो तेव्हापासून. कुबट वास येत होता बोर्डाला."

मी बोर्ड उचलून पदराखाली घेतला, तेव्हा ते घाबरले. म्हणाले, "आई, तूच सांगायचीस ना लहानपणी, दसऱ्याला प्रत्येक वस्तूला ऊन दाखवून मग आत घ्यायचं म्हणून?"

हो, मीच सांगायची. गोधडीबद्दल. माझा मुलगा संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि त्याने माझ्या प्रोग्रामला गोधडीसारखं ऊन दिलं. मी हे सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला, हे खरं. पण मग तो म्हणाला, "अगं, एवढं काय? तुला नवीन बोर्ड मागवून देतो. पिझ्झ्याच्या किमतीत येतो हल्ली, याच्या हजारपट फास्ट. टाइमपासच करायचाय ना?"

टाइमपास. मी त्याला म्हटलं, "उद्या तुझं कुणी पुसून टाकलं आणि म्हणालं, नवीन इंजिनिअर ठेवतो, तुझ्याहून फास्ट, तर चालेल का तुला?"

"आई, तू ना उगीच..."

"खाली जा. मला चढउतार नको सांगितलंय, मी इथंच बसते."

फोटोखाली त्याने काय लिहिलं होतं ते मला तो परत गेल्यावर कळलं. माझ्या बहिणीने फोन करून वाचून दाखवलं. माझ्या वडिलांनी खेडेगावात हाताने बांधलेला कॉम्प्युटर. तुळजापूर खेडेगाव, आणि बांधणारे वडील. खाली शेकडो लोकांनी आजोबांना नमस्कार केले होते. मी मुलाला फोन केला आणि म्हटलं, दुरुस्त कर. दुसऱ्या दिवशी बहिणीने पुन्हा वाचून दाखवलं. त्याने शेवटी एक वाक्य जोडलं होतं, यात आईनेही मदत केली.

मदत! मी पुन्हा फोन केला. काय बोलले ते इथं लिहीत नाही. तो शांतपणे म्हणाला, "आई, काय फरक पडतो आता? बाबा नाहीत, टिटवी चालत नाही." आणि संध्याकाळपर्यंत त्याने ती पोस्टच काढून टाकली. "काढली गं. वाद नको." म्हणजे आधी ती आजोबांनी बनवली होती, मग मी मदत केली होती, आणि आता कुणीच बनवली नव्हती. आणि जिच्यात मी काय विचार केला ते लिहिलेलं होतं ती चिप मी खिडकीला पट्टी लावून डबीत बंद केली होती. उघडून बघायचं धाडस होत नव्हतं. रिकामी निघाली तर माझ्यापाशी बोलायलाही काही उरणार नव्हतं.

दिवाळीनंतर बघितली. पाच व्होल्ट दिले आणि वाचून पाहिलं. कोऱ्या चिपमध्ये सगळीकडे एक असतो. प्रोग्राम लिहिणं म्हणजे त्यातल्या हव्या त्या एकांचे शून्य करणं. ऊन त्या शून्यांचे पुन्हा एक करतं. माझा प्रोग्राम कसर लागलेल्या लुगड्यासारखा दिसत होता. जिथं सी-नाइन हवं, म्हणजे काम संपलं, परत जा, तिथं डी-नाइन. डी-नाइन असा हुकूम ८०८५च्या छापील यादीतच नाही. पानंच्या पानं अशी. पण सगळं कोरं नव्हतं, आणि एक गोष्ट मला शिकवत असतानाची आठवली. शून्य अर्धवटच पुसलं गेलं असेल तर पाच व्होल्टला चिप ते एक म्हणून वाचते. व्होल्टेज थोडं खाली आणलं, चारच्या आसपास, तर तेच शून्य पुन्हा शून्य दिसू लागतं. मंद उजेडात फिकट अक्षर जास्त नीट दिसावं तसं.

मी एका लाकडी फळीवर चिपचा सॉकेट बसवला, चिपमधल्या एकेका जागेचा पत्ता लावायला छोटे स्विच, वाचायला आठ लाल दिवे. एक पत्ता लावायचा, कोणते दिवे लागले बघायचं, लिहायचं, पुढचा पत्ता. सकाळी पूजा झाल्यावर बसायची आणि उन्हं कलली की उठायची. व्होल्टेज उतरवल्यावर डी-नाइनचं सी-नाइन झालं, तेव्हा मी टेबलावर थाप मारली. समोरच्या काकू, आता नव्वदीला टेकल्यात, खिडकीतून ओरडल्या, "काय झालं वं बाई? पडलाव काय?"

"नाही काकू. सापडलं."

"काय हरवलं व्हतं?"

"टिटवी."

"आत्ता गं बया! ती अजून हाय व्हय? मग बोलवा की तिला, आमी पाण्यावाचून मरालाव हितं!"

बराचसा प्रोग्राम असा परत आला. जिथं व्होल्टेज उतरवूनही उमजेना, तिथं मी विचार केला की इथं मी काय लिहिलं असतं. आणि कळत गेलं. मला दोन तपासण्यांच्या मध्ये उगीच उडी मारायची सवय नव्हती, मी नेहमी आधी रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरची आकडे धरायची जागा, साफ करायची, परत येताना घेतलेलं सगळं जागच्या जागी ठेवायची. घर जसं ठेवते तसाच तो प्रोग्राम होता. दुसऱ्या कुणाला ती भोकं भरता आली नसती.

एकच भोक भरलं नाही. नळ किती वेळ सलग ओला राहिला म्हणजे पाणी खरं मानायचं, तो आकडा. त्या पत्त्यावर तीन दिवे धड लागत नाहीत, धड विझत नाहीत. दर वेळी वेगळा आकडा. तो विचार करून सापडणारा आकडा नाही. एक अख्खा उन्हाळा मी घड्याळ घेऊन नळापाशी उभी राहून तो काढला होता, प्रत्येक गुळणी मोजून, तुमचे बाबा कडेवर.

तर रविवारी तुमचा तक्ता पाहिला आणि सोमवारी सकाळी, तुमच्याकडे रात्रीची जेवणं झाल्यावर, मी तुमच्या बाबांना एकट्याला फोन लावला. कॅमेरा दिव्यांवर धरला. पत्ता लावला आणि विचारलं, "इथून पुढं चार भोकं आहेत. काय होतं सांग."

त्यांनी बराच वेळ बघितलं. हुशार आहेत, मनापासून बघितलं. मग म्हणाले, "कसं सांगणार? काहीही असू शकतं."

मी काय होतं ते सांगितलं, आणि का तेही. पुढचं पान दाखवलं, तेही सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला थांबवलं.

"आई, हे सगळं तू हातानं लिहिलंस? असेंब्लर नाही, काही नाही?"

"मग कुणी?"

"मग बाबांनी काय केलं?"

"खोका आणला."

ते हसायला लागले, मग थांबले, कारण मी हसत नव्हते. शेवटचा पत्ता लावला, तो लुकलुकणारा. हा आकडा गेला असं मी सांगितलं, तर म्हणाले, "दहा सेकंद टाक ना कुठलेतरी, चालून जाईल."

"कुठलातरी आकडा टाकायचा असता तर कडेवर तुला घेऊन उन्हाळाभर उभी राहिले नसते."

यावर त्यांनी ते लुकलुकणारे दिवे पुन्हा दाखवायला सांगितले. नंतर म्हणाले, "मी सांगतो मुलांना. उद्याच सांगतो."

मी म्हटलं, तू नको. तू सांगशील त्यात मदत येईल. मी सांगते.

तक्ता बदलायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. शाळेत दिला असेल तर राहू दे, मास्तरीण मीही होते, दिलेलं काम परत मागू नये. पण तुम्हाला ठाऊक असायला हवं. माझा राग गेलेला नाही. तो तुमच्या बाबांवर आहे, बिस्किटाची बशी पुढे करणाऱ्या तुमच्या आजोबांवर आहे, आणि टाइमपास या शब्दावर आहे. तो घालवायचा माझा विचारही नाही.

आज जे उरलं आहे ते असं. बोर्ड चालतो. प्रोग्राम एका आकड्याशिवाय सगळा मिळाला आहे, तो त्या आकड्याची जागा कोरी ठेवून नव्या चिपमध्ये भरला आहे आणि तिच्यावर पट्टी आहे. जुनी चिप डबीत आहे. जुना आकडा आता मिळाला असता तरी उपयोगाचा नव्हता, कारण पाइप प्लास्टिकचे झाले आहेत आणि खालच्या अंगाचे लोक मोटर लावून पाणी ओढतात. हवा वेगळी खोकते. म्हणून ग्रुपवर पाणी सुटल्याचा मेसेज आला की मी खुर्ची घेऊन नळापाशी बसते आणि पुन्हा मोजते आहे.